स्नॅपकास्ट रिव्ह्यू: चार खोल्या, चार प्रोजेक्टर आणि उंबऱ्यात बसलेले काका

आधीच सांगतो, घरभर गाणी लावायला मल्टीरूम सिस्टीम शोधत असाल तर यातलं अर्धं तुमच्या कामाचं नाही, पण उरलेलं अर्धं वाचा, कारण भानगड शेवटी तीच आहे. स्नॅपकास्ट म्हणजे एकच आवाज नेटवर्कवरून अनेक खोल्यांत एकाच वेळी वाजवणारं सॉफ्टवेअर. माझं काम असं होतं की एका मैत्रिणीचं व्हिडिओ इन्स्टॉलेशन, एकाला एक लागून चार खोल्या, प्रत्येक खोलीत एक प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर, आणि चारही भिंतींवर एकच माणूस चालतोय, फक्त चार वेगवेगळ्या अँगलने. आवाज म्हणजे मुख्यतः त्याची पावलं. लाकडी जमिनीवर बूट, टक, टक, टक. मधेच तो काहीतरी पुटपुटतो, एकदा खोकतो, बस. २२ मिनिटांचा लूप, रोज आठ तास, सहा आठवडे. खोल्यांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी, आणि बाईंची अट एकच, की एका खोलीतून दुसरीत जाताना पाऊल तुटलं नाही पाहिजे. चारही खोल्यांत तोच आवाज, त्याच क्षणी.

मी म्हटलं सोपंय. हे मी नेहमीच म्हणतो.

स्नॅपकास्टवर यायच्या आधी काय काय करून बघितलं ते सांगावं लागेल, नाहीतर मी त्याचं एवढं कौतुक का करतोय ते कळणार नाही.

पहिला प्रयत्न चार मीडिया प्लेअरचा. कंपनीचं नाव घेत नाही, पेनड्राइव्ह खोचायचा आणि फाइल आपोआप लूपवर चालते असले डबे असतात ना, ते. मेन स्विच एकच, टाकला की चारही एकदम चालू. चालू एकदम होतात हो, पण बूट व्हायला प्रत्येकाला वेगळा वेळ, एक जण पेनड्राइव्ह वाचत बसतो, दुसरा लोगो दाखवत बसतो. मग मी रिमोट घेऊन प्ले-पॉज प्ले-पॉज करत बसलो, आणि रिमोट सगळ्यांचा सेम, त्यामुळे उंबऱ्यात उभं राहून एकाला पॉज केलं की पलीकडचाही पॉज. शेवटी प्लेअरवर हात धरून, आडवं उभं राहून, कसंतरी जमवलं. जमवलं म्हणजे कानाला एक वाटायला लागलं. खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या गार्ड काकांचा फोन. हे काका दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मधल्या उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसतात, म्हणजे दोन्ही खोल्यांचा आवाज दिवसभर एकदम ऐकणारा तो एकटाच माणूस. म्हणाले, "साहेब, सकाळी एकच माणूस चालत होता, आता दोन चालतायत."

काय झालं होतं तर ड्रिफ्ट. प्रत्येक डब्यात एक क्वार्ट्झ क्रिस्टल असतो आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे एकेक कण) वाजवायचे तर सेकंद केवढा हे तो क्रिस्टल ठरवतो. आणि कुठलेच दोन क्रिस्टल सेम नसतात. समजा दोघांत ४० पीपीएमचा फरक आहे, म्हणजे दहा लाखांत चाळीस, ऐकायला काहीच नाही, स्वस्तातल्या वस्तूंत सहज असतो एवढा. पण हिशोब करा, सेकंदाला ४० मायक्रोसेकंद, मिनिटाला २.४ मिलिसेकंद, तासाला १४४ मिलिसेकंद. सकाळी अकराला अगदी एकत्र सोडलेले दोन प्लेअर बारा वाजता सातवा हिस्सा सेकंद लांब गेलेले असतात. त्यात लूप संपून परत सुरू होताना प्रत्येक डबा आपल्या मर्जीने थोडं थांबतो, ते वेगळंच. लोक सगळं डोकं एकाच वेळी स्टार्ट कसं करायचं यावर लावतात, मीही तेच केलं होतं, पण खरा प्रॉब्लेम स्टार्टचा नसतोच, सोबत राहायचा असतो.

कानाला किती चालतं? हेल्मूट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ च्या सुमाराला यावर काम केलं, त्याच्या नावाने हास इफेक्ट म्हणतात. तोच आवाज दोन जागांहून आला आणि मधलं अंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच येतो, आणि जो आधी पोचला त्याच दिशेने आला असं वाटतं. बोलण्याच्या बाबतीत ५० च्या आसपास गेलं की एको जाणवायला लागतो. पण हे बोलण्याला. टक असा छोटा आवाज असेल तर कान जास्त खडूस होतो, फार कमी फरकातही तो 'टटक' ऐकू येतो. आणि आमच्याकडे २२ मिनिटं नुसती टक टक! बाईंनी समुद्राचा आवाज वगैरे घेतला असता तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोच नसतो.

दुसरा प्रयत्न ब्लूटूथ स्पीकरचा, दोन मिनिटांत सांगून टाकतो कारण त्याची लायकी तेवढीच. साध्या ब्लूटूथला १०० ते २०० मिलिसेकंद लेटन्सी, म्हणजे उशीर, असते, ती एकवेळ चालली असती कारण व्हिडिओ तेवढा मागे सरकवता येतो, पण ती प्रत्येक स्पीकरची वेगळी आणि तुटून परत जोडला की आकडा बदललेला. एक दुपार घालवली आणि स्पीकर परत खोक्यात.

आता एक प्रामाणिक सल्ला, हा रिव्ह्यू स्नॅपकास्टचा असला तरी. वायर ओढता येत असेल तर वायर ओढा. खरंच. एक कॉम्प्युटर, एक आठ आउटपुटवालं साउंड कार्ड, तिथून प्रत्येक खोलीला केबल. एकच क्लॉक, त्यामुळे ड्रिफ्ट हा प्रकारच नाही, वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळा आवाज हवा असेल तरी चालतं, आणि तारेतून सिग्नल एवढा जोरात जातो की ५० मीटर केबलचा उशीर मोजायचीसुद्धा गरज नाही. लांब असेल तर बॅलन्स्ड लाइन वापरा, नाहीतर प्रोजेक्टरच्या मेन केबलचा गुणगुणाट स्पीकरमधून येईल. आमच्याकडे हे का नाही केलं? तर भिंतींना भोकं पाडायची परवानगी नाही, उंबऱ्यात केबल टाकायची परवानगी नाही, लोक अडखळतात म्हणून. पण प्रत्येक खोलीत भिंतीत लॅनचा पॉइंट मात्र आधीपासून होता. तिथून स्नॅपकास्ट.

काय आहे हे? फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. एका मशीनवर स्नॅपसर्व्हर, प्रत्येक खोलीतल्या मशीनवर स्नॅपक्लायंट. मी पाच रास्पबेरी पाय (छोटे, एका बोर्डावरचे कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') वापरले, एक सर्व्हर, चार क्लायंट. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये पॅकेज तयार मिळतं, एका कमांडमध्ये इन्स्टॉल होतं, अँड्रॉइडवरही क्लायंट आहे. सर्व्हरवर एक पाइप असतो, फाइलसारखा दिसतो, त्यात तुम्ही कच्चा ऑडिओ ओतायचा, कुठूनही ओता, आणि तो सगळीकडे एकदम वाजतो. एवढंच. तो स्वतः प्लेअर नाहीये हे लक्षात घ्या, नवीन लोक इथेच गोंधळतात, इन्स्टॉल करून 'प्ले बटण कुठंय' विचारतात. प्ले बटण नाही. तुम्ही ओतायचं, तो वाटणार.

एकत्र कसं ठेवतो ते मला फार आवडलं. सर्व्हर ऑडिओचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो. क्लायंट सतत सर्व्हरला विचारत असतो, तुझ्याकडे किती वाजले, आणि त्यावरून स्वतःच्या घड्याळात आणि सर्व्हरच्या घड्याळात फरक किती ते काढत राहतो. मग तुकडा आला की लगेच वाजवत नाही, शिक्क्यावरच्या वेळेत बफर मिळवतो, डिफॉल्ट १००० मिलिसेकंद, आणि बरोबर त्या क्षणी वाजवतो. नेटवर्कवर कुठला तुकडा आधी पोचला, कुठला नंतर, काही फरक पडत नाही, एका सेकंदाच्या आत पोचला म्हणजे झालं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात वाढून होईपर्यंत थांबतात तसं.

आणि ड्रिफ्टचं काय? क्रिस्टल तर इथेही वेगवेगळेच. तर क्लायंट पुढे पळतोय असं दिसलं की एखादं सॅम्पल दोनदा वाजवायचं, मागे पडला तर एखादं गाळायचं. ४८,००० मधलं एक सॅम्पल म्हणजे ०.०२ मिलिसेकंद, कानाला कळायचा प्रश्नच नाही. म्हणजे फरक १४४ मिलिसेकंद होईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, सॅम्पल-सॅम्पलने तो निस्तरत राहायचा. प्रोजेक्टवाले सांगतात की फरक साधारणपणे ०.२ मिलिसेकंदाच्या खाली राहतो. मी म्हटलं बघू.

मोजायची पद्धत सांगतो कारण ही कुठल्याही सिस्टीमला लागू आहे. दोन पाय शेजारी ठेवले, दोघांच्या साउंड कार्डातून वायर काढून एकाच रेकॉर्डरच्या डाव्या आणि उजव्या चॅनलला लावली, क्लिकचा आवाज सोडला आणि रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून झूम केलं. दोन रेषा एकाखाली एक, क्लिकचं टोक कुठे उठतंय ते सॅम्पलपर्यंत दिसतं. माइक वापरू नका यासाठी, माइक आला की खोली आली, अंतर आलं. तासाभराने परत, चार तासांनी परत, आणि रात्रभर चालू ठेवून सकाळी परत. प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच. रात्रभर! आदल्या आठवड्यात ज्या गोष्टीसाठी मी रिमोट घेऊन आडवा उभा होतो. खरं सांगतो, सकाळी ती दोन टोकं एकाखाली एक बघून मी चहा प्यायचा विसरलो.

एक मात्र, सगळीकडे सेम साउंड कार्ड वापरा. सॉफ्टवेअरला वाटतं आपण वेळेवर दिलं, पण पुढे कार्ड स्वतःच्या बफरमध्ये किती वेळ धरून बसतं हे त्याला पूर्ण कळत नाही. मी सुरुवातीला एका खोलीला एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्याच आउटपुटला आवाज दिला होता, एक कार्ड वाचवायला, तर ती खोली ठळकपणे मागे, कारण आवाज प्रोजेक्टरच्या पोटातून फिरून बाहेर येत होता. स्नॅपकास्टमध्ये प्रत्येक क्लायंटला लेटन्सीचा आकडा वेगळा देता येतो, त्यामुळे हे सुधारता येतं, पण मी सरळ चौथं यूएसबी कार्ड आणलं. पायच्या हेडफोन जॅकच्या नादी लागू नका, शांत जागेत त्याची खरखर ऐकू येते, आणि पाय ५ ला तर तो जॅकच नाही.

मग लावलं सगळं. बाई आल्या. दुसऱ्या खोलीतून तिसरीत गेल्या, परत आल्या, परत गेल्या. मी चेहऱ्याकडे बघतोय.

"अरे, एकत्र आहे, पण दारात काहीतरी होतंय. पाऊल पोकळ वाटतंय. डब्यात चालल्यासारखं."

मला पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू, अर्ध्या मिलिसेकंदात आणून दिलंय अजून काय पाहिजे. पण मी जाऊन उभा राहिलो तर खरंच होतं. उंबऱ्याच्या बरोबर मध्यावर, दोन्ही खोल्यांचे स्पीकर सारख्या अंतरावर, दोन एकसारखे आवाज जवळजवळ एकदम कानावर, आणि एक पाऊल इकडे तिकडे झालं की आवाजाचा रंग बदलतोय. याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. एक मिलिसेकंदाचा फरक असेल तर ५०० हर्ट्झला आवाज खड्ड्यात जातो, मग १५०० ला, मग २५०० ला, कंगव्याच्या दातांसारखे खड्डे. आणि हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंद म्हणजे फक्त ३४ सेंटिमीटर. एक पाऊल. माणूस चालतो तसे ते खड्डे सरकतात आणि मधूनच सूंऽऽ असं काहीतरी ऐकू येतं.

म्हणजे परफेक्ट सिंक हाच प्रॉब्लेम झाला! यावर उपाय म्हणून मी शेजारशेजारच्या खोल्या मुद्दाम थोड्या पुढेमागे केल्या. पहिली आणि तिसरी शून्यावर, दुसरी आणि चौथी १२ मिलिसेकंद मागे. १२ का? कारण ते चार मीटर अंतराएवढं होतं, आणि एका खोलीत खोल उभं राहिलं की पलीकडचा स्पीकर तसाही तेवढा लांब असतो, कानाला ते नैसर्गिक वाटतं. ८ वर अजून पोकळ, २० वर टटक यायला लागलं, १२ वर बाई गप्प झाल्या. गप्प म्हणजे पास. यात स्नॅपकास्टची मजा ही की सर्व्हरच्या वेब पेजवर क्लायंटसमोर आकडा टाकायचा, त्याच क्षणी बदल ऐकू येतो, काही रीस्टार्ट करायला लागत नाही. मी मोबाइल हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहून आकडे बदलत होतो आणि काका खुर्चीतून सांगत होते, "आत्ता चांगलं होतं, मागचं." त्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे हे तेव्हाच लक्षात आलं.

आता व्हिडिओ. इथे ज्यांना वाटतंय की स्नॅपकास्ट व्हिडिओपण सांभाळेल त्यांनी थांबा, तो फक्त ऑडिओ सांभाळतो. चित्राचं तुमचं तुम्ही बघायचं. आणि आवाज एक सेकंद बफरमध्ये बसून येतो हे लक्षात ठेवून बघायचं. बफर कमी करता येतो, वायरवर असाल तर बऱ्यापैकी कमी करता येतो, पण इन्स्टॉलेशनमध्ये गरजच काय, लूप तर आधीच रेकॉर्ड केलेला आहे, चित्र एक सेकंद उशिरा सुरू करा, कोणाला कळतंय. लाइव्ह माइक असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा हे सॉफ्टवेअर वापरूच नका, तिथे दान्ते वगैरे प्रोफेशनल प्रकार लागतात. ते नेटवर्कवरच पीटीपी नावाच्या प्रोटोकॉलने सगळी हार्डवेअर क्लॉक एकत्र बांधतात आणि एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदात आवाज पोचवतात. आमच्या टक टकला ते म्हणजे मुंगी मारायला तोफ.

मी चित्रासाठी असं केलं की प्रत्येक पायवर एमपीव्ही प्लेअर, आवाज पूर्ण बंद, आणि एक छोटी स्क्रिप्ट जी दर सेकंदाला बघते की आत्ता फ्रेम कुठली असायला पाहिजे आणि आहे कुठली. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एक फ्रेमपेक्षा जास्त फरक दिसला की प्लेबॅक स्पीड १.०२ किंवा ०.९८ करायचा, जुळलं की परत १. आवाज नाहीये त्यामुळे सूर चढला-उतरला वगैरे भानगड नाही, आणि माणूस दोन टक्के जोरात चालला तर डोळ्याला कळत नाही. डोळा खूप माफ करतो. टीव्ही प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) शिफारशीत आकडे आहेत, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवायला लागतं, पण मागे पडला तर १२५ पर्यंत जाणवत नाही. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो, वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर, तर मागे पडलेल्या आवाजाची सवय आहे आपल्याला. त्यामुळे शंका असेल तर आवाज जरा मागे ठेवा, पुढे कधीच नको.

प्रोजेक्टर स्वतः किती उशीर लावतो ते मोजायला एक पांढरी फ्रेम आणि एक क्लिक असलेली फाइल बनवा आणि मोबाइलच्या स्लो मोशनवर, २४० फ्रेमवर, शूट करा. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंद. भिंत पांढरी होते कधी आणि क्लिक येतो कधी, मोजून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये टाका. सेटिंगमधली इमेज सुधारणारी सगळी थेरं बंद करा, गेम मोड असेल तर तो लावा, उशीर लगेच कमी होतो.

इथे माझ्या दोन चुका सांगतो, दोन्ही सॉफ्टवेअरच्या माथी मारायच्या नाहीत.

पहिली. पायला जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीवालं घड्याळच नसतं, पाय ५ मध्ये पहिल्यांदा आलं, तेही बॅटरी वेगळी लावली तर. इंटरनेट असेल तर बूट झाल्यावर वेळ विचारून घेतो, नसेल तर कुठलीतरी जुनी वेळ पकडून बसतो. त्या जागी इंटरनेट नव्हतं. स्नॅपकास्टला काही फरक पडला नाही, कारण तो सर्व्हरशी थेट हिशोब करतो, भिंतीवरच्या घड्याळाशी त्याला देणंघेणं नाही. पण माझी व्हिडिओची स्क्रिप्ट सिस्टीमच्या वेळेवर चालत होती. आवाज चारही खोल्यांत झकास एकत्र आणि चित्रात एक माणूस जिन्यावर, एक खिडकीत, एक तर अजून काळ्या टायटलवरच. मग सर्व्हरवर क्रोनी नावाचा घड्याळं जुळवणारा प्रोग्राम टाकला, तो चारही पायना वेळ देतो, खरी वेळ काय आहे याच्याशी कर्तव्य नाही, पाचही जणांची एकच असली म्हणजे झालं.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी पूर्ण एक लूप बसून बघितला, सगळं जुळलेलं, कॉलर ताठ. दुपारी काका, "साहेब, पाऊल आधी पडतंय आणि आवाज मागून येतोय. सकाळी नव्हतं." मी ड्रिफ्ट ड्रिफ्ट करत नेटवर्क तपासलं, स्विच बदलला, केबल बदलल्या, बफर वाढवला. काही नाही. शेवटी फाइली उघडून मोजल्या तर व्हिडिओ बरोबर ३३,००० फ्रेमचा, २२ मिनिटं, आणि ऑडिओची फाइल तीन फ्रेम लांब. एडिटमधून बाहेर काढताना शेवटी शेपूट राहिलं होतं. तीन फ्रेम म्हणजे १२० मिलिसेकंद. पहिल्या लूपनंतर १२० मागे, ते वरच्या १२५ च्या आत, म्हणून मला दिसलंच नसतं. दुसऱ्यानंतर २४०, आणि दहाव्यानंतर १२००, म्हणजे सेकंदापेक्षा जास्त. ऑडिओ कापून बरोबर ६,३३,६०,००० सॅम्पलचा केला आणि प्रॉब्लेम खलास. तेव्हापासून मी फ्रेम नाही, सॅम्पल मोजतो. आणि लूपसाठी एमपीथ्री तर चुकूनही नाही, त्यात एन्कोडर पुढे-मागे स्वतःची शांतता भरतो, दरवेळी जोडाला खाच पडते. सरळ वेव्ह फाइल.

वायफायवर चालतं का हे मला तिघांनी विचारलंय. चालतं, माझ्या घरी चालतं. पण चार-पाच माणसांचं घर वेगळं आणि शंभर लोक खिशात मोबाइल घेऊन फिरतायत ती जागा वेगळी, माणसाचं शरीरच बराच सिग्नल पिऊन टाकतं. मी एक संध्याकाळ मुद्दाम वायफायवर टाकून बघितलं, रिकाम्या जागेत मस्त, गर्दी झाल्यावर मधेच एका खोलीचा आवाज अर्धा सेकंद गप. सिंक बिघडत नाही हे महत्त्वाचं, परत येतो तेव्हा बरोबर जागेवरच येतो. पण गप होतो. वायर असेल तर वायर. आणि स्विचमध्ये वीज वाचवायचं सेटिंग असेल तर बंद करा, ऑडिओ नेटवर्कवाले सगळे हेच सांगतात, पोर्ट डुलकी घेऊन उठेपर्यंत वेळेचा हिशोब हलतो.

खटकलं काय? कमांड लाइनची भीती असेल तर हे तुमच्यासाठी नाही. माहिती भरपूर लिहिलेली आहे पण ती तुम्हाला लिनक्स येतं असं धरून लिहिलेली आहे. दुसरं, डिफॉल्ट सेटिंगमध्ये एका पाइपमधून एकच स्टेरिओ जातो, प्रत्येक खोलीला खरोखर वेगळा आवाज हवा असेल तर डोकं लावावं लागतं. डावा चॅनल दोन खोल्यांना आणि उजवा उरलेल्या दोन खोल्यांना असा जुगाड सहज होतो, त्यापुढे मी गेलो नाही, गरज नव्हती. बाकी सहा आठवड्यांत वीज चार-पाच वेळा गेली, प्रत्येक वेळी परत आल्यावर क्लायंट आपोआप जोडले गेले आणि मिनिटाभरात सगळं जागेवर. मला एकदाही जावं लागलं नाही. काकांनी फोन केला एकदा, पण तो प्रोजेक्टरचा दिवा गेला म्हणून.

मार्क द्यायचेच तर आवाज एकत्र ठेवण्यासाठी पाचपैकी पाच, सेटअपच्या सोपेपणासाठी अडीच, आणि अडीचातला अर्धा त्या वेब पेजसाठी. पुढच्या कामालाही हेच वापरणार, वायर ओढता आली नाही तर.

हां, एक राहिलंच. क्लायंटना पहिल्याच दिवशी नावं द्या आणि पायच्या डब्यावर पण तेच नाव चिकटपट्टीवर लिहून लावा. वेब पेजवर सुरुवातीला चारही ओळी जवळजवळ सारख्याच दिसतात. मी अर्धा तास तिसऱ्या खोलीत उभा राहून आवाज का बदलत नाही म्हणून वैतागत होतो, आणि दुसऱ्या खोलीत कोणीतरी पाहुणा तो माणूस हळूहळू मुका होताना बघून मान डोलवत होता, त्याला वाटलं हे पण त्यातलंच आहे.